दुसरं पाणी

ओलं लाकूड लेथवर चढवून बटण दाबलं की आधी पाणी उडतं. हत्यार टेकवायच्या आधीच, नुसत्या फिरण्यानं. चष्म्यावर थेंब, शेडच्या खिडकीवर थेंब, छताच्या फळीवर थेंबांची एक सरळ रेघ. मग पटाशी लागली की बाह्या कोपरापर्यंत भिजतात आणि एप्रनच्या खिशात ढलप्यांचा ओला लगदा साठतो. विलोचं पाणी दिसायला साधं, वासाला हिरवट आणि चवीला कडू. चव मुद्दाम बघायला जावं लागत नाही. ओठावर उडालेला थेंब माणूस नकळत चाटतोच. लाकूड ही कोरडी वस्तू आहे असं ज्याला वाटतं, त्यानं नुकत्याच पडलेल्या विलोचा ओंडका फिरताना एकदा जवळ उभं राहून बघावा.

हा ओंडका नदीकाठचा. सफोक आणि एसेक्स यांच्या सीमेवरून वाहणारी स्टाउर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिच्या दोन्ही काठांना विलोची झाडं आहेत. काही ताठ, काही डोक्यावरून छाटलेली, काही अर्धी पाण्यात झुकलेली. जॉन कॉन्स्टेबल हा चित्रकार १७७६ साली याच खोऱ्यात जन्मला आणि आयुष्यभर या झाडांकडे पुन्हा पुन्हा येत राहिला. 'द लीपिंग हॉर्स' हे त्याचं मोठं चित्र १८२५ साली प्रदर्शनात लागून परत आलं, तेव्हा त्यानं त्यातला विलो घोड्याच्या पुढून काढून मागे नेला. चित्रकाराला अशी मुभा असते. खऱ्या विलोला हलवायला वादळ लागतं. हिवाळ्याच्या शेवटी तसं एक आलं, शेजारच्या कुरणातल्या झाडाची मोठी फांदी रातोरात आडवी झाली, आणि सकाळी चेनसॉवाला तिचे तुकडे करत होता तेव्हा मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. "जळणाला हे काही कामाचं नाही," तो म्हणाला, "हवं तेवढं न्या."

मराठी कानाला विलो म्हणजे बॅट. झाड कुणी पाहिलेलं नसतं. आमच्याकडे दादाची बॅट होती, काश्मिरी विलोची. रविवारी सकाळी तो जुन्या बनियनच्या बोळ्यानं तिला अळशीचं तेल पाजायचा, मग ती भिंतीला तिरकी टेकवून ठेवायचा आणि तेल मुरेपर्यंत कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. दुपारी गच्चीवर बसून मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूनं तिला ठोकणं चालायचं, टक टक टक, आईची झोपमोड होईपर्यंत. विलो मऊ असतो आणि बॅटीचा चेहरा दाबून दाबून कणखर करावा लागतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बरोबरच सांगितलं होतं. कारखान्यातही बॅटीचं पातं रुळांखाली दाबूनच निघतं.

स्टाउरच्या काठी बॅटीसाठी लावलेले विलो लांबूनच ओळखू येतात. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर, आणि खोडावर बरंच वरपर्यंत एकही फांदी नाही. मुळं नसलेली लांब काठी जमिनीत खोचायची, ती आपली आपण रुजते. सुरुवातीची काही वर्षं खोडावर फुटणारे कोंब हातानं चोळून काढायचे, म्हणजे लाकडात गाठ राहत नाही. १५ ते २० वर्षांनी झाड तोडायचं आणि शेजारी नवी काठी खोचायची. तोडलेल्या खोडाचे बॅटीच्या पात्याला पुरतील एवढे तुकडे करतात, आणि ते पाचर मारून फोडतात, म्हणजे फूट लाकडाच्या रेषेनंच जाते. मग लगेच दोन्ही टोकं मेणात बुडवतात. लाकडातलं पाणी टोकांतून भराभर पळतं. टोकं आधी आकसली आणि मधला भाग ओलाच राहिला की तडा ठरलेला. मेणामुळे पाणी थांबत नाही, फक्त त्याला घाई करता येत नाही. माझ्या वाट्याची फांदी बॅटवाल्यांनी पायानं बाजूला सारली असती. वाकडी, गाठाळ, एका बाजूला फुगलेली. वाडग्याला हे सगळं चालतं.

हॉस्पिटलच्या औषध विभागातून निवृत्त झाल्यावर मी लेथ शिकले. गावच्या हॉलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी मंडळी जमतात, बहुतेक साठी ओलांडलेली. प्रत्येकाची आपापली किटली असते आणि आपापली दुखरी जागा. तिथे जाईपर्यंत मला कधी सुचलंच नव्हतं की लाटणं, रवी, भोवरा, सोंगट्या, पाळण्याचे रंगीत दांडे हे सगळं लेथवरच जन्माला आलेलं असतं. लहानपणी सावंतवाडीच्या चितारआळीत मी लाकडी खेळण्यांसाठी हट्ट केलेला आहे. पण त्या वयात नजर रंगावर असते, रंगाखालच्या गोलाईवर नसते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणानं लाख वितळते आणि लाकडाच्या अंगावर पसरत जाते. त्या कामाला लाकूड खडखडीत वाळलेलं लागतं. आपल्याकडचे कातारी लाकूड आधी सुकवतात, मग कातायला घेतात. इथे मात्र मला उलटा धडा मिळाला. शिकवणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "ओलं आहे तोवर कापून घ्या. एकदा वाळलं की ते तुमचं ऐकणार नाही."

गाऊज म्हणजे पन्हळीसारख्या खोबणीची, लांब दांड्याची पटाशी. तिची धार लाकडाला आधी लावायची नसते. आधी धारेमागचा घासलेला उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा. तो नुसता घसटत राहतो, कापत काहीच नाही. मग मागची मूठ वर न्यायची, इतकी सावकाश की कधीतरी उतारावरचा भार धारेवर येतो आणि ढलपी सुटते. ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं: खरखर थांबते आणि सूंऽऽ असा एक लांब आवाज लागतो. ओल्या विलोची ढलपी दुधी सोलताना साल निघावी तशी हातभर निघते, मनगटावरून उडून गळ्याशी येऊन चिकटते. पण मऊ लाकूड कापलं जायच्या आधी दबतं. धार जराशी उतरली की तंतू कापले न जाता उपटले जातात, आणि वाडग्याच्या अंगावर समोरासमोर दोन ठिकाणी लव उभी राहते. वाडगा एक फेरा घेतो तेवढ्यात हत्याराला लाकडाची रेष दोनदा सुलट आणि दोनदा उलट भेटते, म्हणून. यंत्र बंद करून त्या जागेवरून बोट फिरवलं की नवजात वासराच्या कानाची आठवण होते, आणि मी पुन्हा धार लावायला उठते.

ओल्या लाकडाच्या वाडग्याला दोन रस्ते आहेत. पहिला धोरणी. भिंत जाड ठेवायची, साधारण व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. १० इंचांच्या वाडग्याला इंचभर. आडव्या छेदावर मेण चोळायचं, वाडगा कागदी पिशवीत घालून गार कोपऱ्यात ठेवायचा. तो सुकेल, सुकताना वाकडा होईल, आणि पुरता सुकला की पुन्हा लेथवर चढवून वाकडेपणा कातून टाकायचा. जाडी त्यासाठीच राखलेली असते. मग तो गोल होतो आणि बऱ्यापैकी गोलच राहतो. दुसरा रस्ता बेधडक. एका बैठकीत भिंत पातळ, अगदी पातळ करून टाकायची आणि हात काढून घ्यायचा. पातळ लाकूड सुकताना फुटण्याऐवजी वळतं. त्यातून जो आकार होईल तो आपला.

पिशवीतल्या वाडग्याचं वजन करायचं असतं. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते आणि वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीनं लिहून ठेवते, तारीख आणि ग्रॅम, एकाखाली एक. औषध विभागातली सवय. जे तोललं ते लिहिलं. पहिल्या आठवड्यात आकडा धाडकन उतरतो. ओल्या विलोत कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त पाणी असू शकतं, तेव्हा उतरायला भरपूर असतं. नवल हे की या काळात वाडगा आकारानं जराही बदलत नाही. काठावर पट्टी धरून बघावं, जसाच्या तसा. पुढे आकडा रेंगाळतो, आठवड्याला चार ग्रॅम, तीन ग्रॅम. आणि सगळा वाकडेपणा या रेंगाळण्यात होतो.

कारण लाकडात पाणी दोन प्रकारचं असतं. एक पेशींच्या पोकळीत नुसतं भरलेलं, मोकळं. लेथवर उडतं ते हे. ते निघून गेलं तरी पेशीच्या भिंतींना काही होत नाही, पोकळी रिकामी होते इतकंच. दुसरं पाणी त्या भिंतींच्या आतच, तंतूंमध्ये मुरलेलं, धरून ठेवलेलं. मोकळं पाणी संपून लाकडात कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी उरलं की त्या दुसऱ्या पाण्याची पाळी येते. ते जाऊ लागलं की भिंती बारीक होतात, तंतू एकमेकांच्या जवळ सरकतात आणि लाकूड आवळतं. सगळ्या दिशांनी सारखं आवळलं असतं तर वाडगा लहान झाला असता, गोलच राहिला असता. पण वर्षावलयांच्या अंगानं लाकूड जितकं आवळतं त्याच्या जवळपास निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आवळतं, आणि खोडाच्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो. झाड कोणत्या बाजूला उभं होतं, गाभा कुठे होता, हे सगळं त्या लंबगोलात वाचता येतं.

पिशवी कोपऱ्यात ठेवताना मला हमखास एका पाद्र्याची आठवण येते. एडवर्ड स्टोन, ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टनचा. विलोची साल त्यानं चाखली आणि ती सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. सिंकोना तेव्हा हिवतापावर चालत होता आणि महाग होता. स्टोननं पौंडभर साल गोळा केली, पिशवीत भरली आणि भटारखान्याच्या भट्टीला बाहेरून लावून ठेवली, तीन महिन्यांहून जास्त. मग कुटून, चाळून त्याची पूड केली आणि थंडीतापाच्या सुमारे ५० रोग्यांना देऊन पाहिली. १७६३ साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात हे सगळं आलं आहे. पुढे या सालीतल्या कडू द्रव्याला सॅलिसिन म्हणू लागले, त्याच्या नात्यातलं ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आलं, आणि मी आयुष्यभर ते पुड्या बांधबांधून दिलं. पण माझं मन घुटमळतं ते त्या भट्टीच्या भिंतीपाशी. शेजारी रोज पाव भाजला जातोय, गिऱ्हाइकं येताहेत, जाताहेत, आणि भिंतीला एक पिशवी टेकून आहे. ती तीन महिने हलवायची नाही असं त्या भटाऱ्याला त्यानं काय सांगून पटवलं असेल?

आई गेली तेव्हा मी पुण्याला पोहोचले, दिवसकार्य आटोपलं, मेतकुटाचा डबा आणि तिची एक सुती साडी घेऊन परत आले. त्या पंधरवड्यात जे वाहायचं ते वाहून गेलं. विमानतळावर, स्वयंपाकघरात, परक्या माणसांसमोरसुद्धा. त्यानंतर मी कामावर गेले आणि लोक म्हणाले, तू छान सावरलीस. खोटं नव्हतं ते. काठावर पट्टी धरून पाहिली असती तर मी जशीच्या तशी होते. दुसरं पाणी पुष्कळ उशिरा गेलं, आणि जाताना मला कळलंसुद्धा नाही. इकडची दुपार टळताना, तिकडे आईचं जेवण होऊन ती अंथरुणाला टेकायची त्या सुमाराला, हात फोनकडे जायचा तो कधीतरी जायचा थांबला. तिला सांगायच्या गोष्टी मी दिवसभर साठवत असे. बसमध्ये, भाजी घेताना, औषधांच्या फळ्यांपुढे उभं असताना मनात मराठी वाक्यं जुळत असायची: आज ना आई, गंमत झाली. ती जुळणं बंद झालं. रडू आलं नाही, काही दुखलं नाही. फक्त काही वर्षांनी दादा म्हणाला, "तू आता तुटक बोलतेस." तो आकार तेव्हा झालेला होता.

पोर्ट्समथला 'मेरी रोझ' बघायला गेले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. आठव्या हेन्रीची ही युद्धनौका १५४५ साली सॉलेन्टच्या पाण्यात बुडाली आणि १९८२ साली वर काढली गेली. खलाशांच्या लाकडी ताटल्या आणि कातीव वाडगे तिच्यासोबत वर आले. कुणाकुणाच्या वाडग्यावर मालकाची खूण कोरलेली आहे. चारशेहून जास्त वर्षं पाण्यात काढलेल्या त्या लाकडाला खरा धोका पाण्याबाहेर आल्यावर होता. ते तसंच सुकू दिलं असतं तर चुरमुरून, फाटून गेलं असतं. म्हणून आधी तिच्यावर वर्षानुवर्षं गार पाणी फवारत राहिले. मग १९९४ पासून २०१३ पर्यंत पाण्यातून एक मेणचट पदार्थ फवारला, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. लाकडाच्या भिंतींतलं पाणी जाईल तिथे तो शिरतो आणि जागा धरून बसतो, म्हणून लाकूड आवळत नाही. आमच्या विभागात तोच पदार्थ मॅक्रोगोल नावाच्या पुडीत बद्धकोष्ठासाठी दिला जातो, हे मी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना सांगितलं आणि त्या दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या. काचेपलीकडे ती काळी नौका अर्ध्या अंगानं उभी होती. आवळू न दिलेली, एका राजाच्या काळातला आकार अजून धरून असलेली. त्यासाठी तिच्या भिंतींत काय काय भरावं लागलं, ते खालच्या पाटीवर लिहिलेलं होतं.

माझ्या शेडमागे उरलेल्या ओंडक्याला वसंतात पानं फुटली. विलोचं हे नेहमीचंच आहे. कुंपणाला ठोकलेली खुंटी रुजते, सरपणाच्या ढिगातला तुकडा हिरवा होतो. एकाच फांदीचा अर्धा भाग पिशवीत सुकत असतो आणि दुसरा अर्धा, मुळं नसताना, सालीतल्या शिदोरीवर पालवी काढून बसतो. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाळुंज वाढतो, तो याच कुळातला. पाय पाण्यात, पानं खाली पांढुरकी. लहानपणी त्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला असेल तर माहीत नाही. तेव्हा आम्हाला आंबा, जांभूळ, करवंद एवढीच झाडं ठाऊक होती, बाकी सगळी नुसती झाडी. शेडमागचा ओंडका मी उचलला नाही. त्यावरची पानं उन्हाळ्याच्या मध्याला मिटली, मग एका पावसानंतर खालच्या अंगाला पुन्हा दोन फुटली. सुकायचं की रुजायचं, हे विलो फार उशिरापर्यंत ठरवत नाही.

ओलं आणि कोरडं यांचा सलोखा करून पोट भरणारी माणसंही या देशात होऊन गेली. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्यांत बीचची रानं आहेत. तिथे कातारी रानातच झोपडी घालून ताज्या तोडलेल्या बीचच्या खुर्च्यांच्या पायांचे ढीग कातत आणि हाय विकमच्या खुर्चीवाल्यांना विकत. त्यांचा लेथ म्हणजे एक लवचीक बल्ली, एक दोरी आणि पायाखालची फळी. पाय दाबला की लाकूड पुढे फिरतं आणि हत्यार कापतं, पाय उचलला की बल्ली दोरी ओढते आणि लाकूड मागे फिरतं. म्हणजे निम्मा वेळ हत्यारानं नुसतं थांबायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही माणसं तिथे होती. ओल्या लाकडाची कामं करणारे आजही एक जुनी युक्ती वापरतात. ज्या लाकडात भोक पाडायचं ते जरा ओलसर ठेवायचं आणि त्यात बसवायचा खुंटा खडखडीत सुकलेला घ्यायचा. ओलं लाकूड सुकताना खुंट्याभोवती आवळतं आणि सांधा सरस न लावता धरून बसतो. सुकताना लाकूड दूर सरतं एवढंच मी तोवर धरून चालले होते. जवळच काही कोरडं, ठाम असेल तर ते त्यालाही घट्ट धरतं.

मला स्वतःला आता दुसरा रस्ता आवडतो, पातळ आणि बेधडक. भिंत चार-पाच मिलिमीटरांवर आली की शेडमधला दिवा वाडग्यामागे धरते. ओल्या विलोतून उजेड गुलाबीसर झिरपतो, आणि सगळीकडे सारखा झिरपला म्हणजे जाडी सारखी. या अवस्थेत फार वेळ काढता येत नाही. पातळ भिंत फिरता फिरताच सुकू लागते, चहा प्यायला जाऊन आलं तरी काठ थरथरायला लागलेला असतो. म्हणजे हा वाडगा खऱ्या अर्थानं गोल असतो तो तासभर. यंत्रावर फिरतो आहे तोपर्यंत गोल, उतरवला की त्याचा त्याचा. दोन बाजू वर उचलल्या जातात, दोन खाली जातात, गाठ असेल तिथे खळगा पडतो. गोलाई ही लेथची खोड आहे. झाडात मला कुठेच नेमका गोल दिसलेला नाही, ओंडक्याच्या वलयांतसुद्धा नाही.

असा एक वाडगा गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला नेला. दादाच्या घरी, वहिनीच्या टेबलावर. तिनं तो उलटा करून पाहिला, बुडावरची पेन्सिल वाचली, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "यात भात काढला तर चालेल का?" मी म्हटलं, सुकं काहीतरी ठेव, लिंबं ठेव. इथल्या दमट घरात तो टेबलावर नीट बसत होता. पुण्यात मार्च सुरू झाला आणि वहिनीचा फोन आला, वाडगा डुगडुगतोय. साहजिक होतं. लाकूड सुकतं म्हणजे हवेशी बरोबरी होईपर्यंत सुकतं, आणि हवा बदलली की हिशेब पुन्हा सुरू. आपल्याकडे हे सांगायला शास्त्र लागत नाही. जुन्या वाड्यातली दारं उन्हाळ्यात सैल पडून कडी नीट लागत नाही आणि श्रावणात तीच दारं खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कापलेला साग अजून दर पावसाळ्यात फुगतो. वहिनीनं लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घडी करून वाडग्याच्या बुडाखाली सारला आणि प्रश्न मिटवला.

मे महिन्यात घडी जाड करावी लागली. दादा म्हणे, इंग्लंडचा माल आहे, उन्हाळा सोसत नाही. दादाची ती बॅट अजून माळ्यावर आहे, हे त्याच फोनवर कळलं. तीही म्हणे जराशी वळली आहे, काश्मीरची असून. मग जून उलटला, पाऊस लागला, आणि एका रविवारी वहिनीचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी, दादाचं काहीतरी ओरडणं.

"अगं, तुझा वाडगा बसला बघ. आज लिंबं काढून पुसला, तर डुगडुगायचा थांबलाय. उलट त्या पुठ्ठ्यानंच कलतोय आता."

"मग काढून घे पुठ्ठा."

"काढलाय. टाकून देऊ ना?"

"नको, ड्रॉवरमध्ये ठेव. दिवाळीनंतर लागेल."